हँडसेट एक, नेटवर्क अनेक

बहुतेक घरांत एक खण असतो. जुन्या चाव्या, संपलेले सेल, तुटलेल्या पट्ट्याचं घड्याळ असं काय काय त्यात पडलेलं असतं, आणि त्यातच दोन-तीन जुने मोबाइलही असतात. त्यातला एखादा बिघडलेला नसतो. चार्जरला लावला तर पडदा उजळतो, बटणं चालतात, गजरसुद्धा वाजतो. मात्र त्यात आजचं कार्ड घातलं तर फोन लागत नाही, आणि काही फोनमध्ये तर कार्ड घालायला जागाच सापडत नाही. यंत्र धडधाकट आहे, तरी ते फोन म्हणून मेलेलं आहे.

असं का होतं, असं वर्गात विचारलं तर ‘जुना झाला म्हणून’ हे उत्तर हमखास येतं. पण ते खरं उत्तर नाही. १९६० सालचा चांगला जपलेला ट्रान्झिस्टर आजही मुंबई आकाशवाणीचं मध्यम लहरींवरचं केंद्र ऐकवू शकतो. म्हणजे जुनेपणा हे कारण पुरत नाही. खरं कारण समजून घ्यायला गेल्या पन्नासेक वर्षांचा थोडा इतिहास पाहावा लागतो. हा इतिहास विज्ञानाचा आहेच, पण माणसांनी एकत्र बसून केलेल्या, आणि कधी न केलेल्या, करारांचाही आहे.

तीन गोष्टी जुळाव्या लागतात

फोन आणि नेटवर्क यांचं जमायचं तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली गोष्ट वारंवारतेची. ज्या रेडिओवर फक्त मध्यम लहरींचा पट्टा आहे, त्यावर एफएम केंद्र कितीही बटण फिरवलं तरी लागणार नाही. मोबाइलचंही तसंच आहे. नेटवर्क ९०० मेगाहर्ट्झवर बोलत असेल आणि फोन फक्त १८०० मेगाहर्ट्झवर ऐकत असेल, तर दोघांची गाठच पडत नाही.

मग सगळे पट्टे ऐकणारा फोन का बनवत नाहीत? यासाठी एक छोटं गणित करू. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. त्याला वारंवारतेनं भागलं की तरंगलांबी मिळते. ९०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी येते सुमारे ३३ सेंटिमीटर, १८०० ची सुमारे १७ आणि २३०० ची सुमारे १३. अँटेनाची लांबी तरंगलांबीशी बांधलेली असते. शिवाय टॉवरकडून येणारा संदेश फार क्षीण असतो. रेंज अगदी कमी असते तेव्हा फोनला एका वॉटच्या दहा लाख कोटीव्या भागाएवढ्या शक्तीचा संदेश ओळखावा लागतो. आजूबाजूच्या इतर लहरींच्या गलक्यातून तो वेगळा काढायचा तर त्या पट्ट्यापुरतीच लहर आत सोडणारी गाळणी लागते. नवा पट्टा म्हणजे बहुधा नवी गाळणी, पाठवताना संदेश मोठा करणारा वर्धक, जास्तीची जागा आणि जास्तीचा खर्च. त्यामुळे कोणते पट्टे ठेवायचे आणि कोणते सोडायचे, हे कारखान्यातच ठरतं.

दुसरी गोष्ट भाषेची. रेडिओवर केंद्र स्वच्छ लागलं, पण निवेदक आपल्याला न येणाऱ्या भाषेत बोलतो आहे, तर उपयोग काय? आवाजाचे आकडे कसे करायचे, ते केव्हा पाठवायचे, एकाच वेळी बोलणाऱ्या अनेकांना वेगळं कसं ओळखायचं, या सगळ्या नियमांना मिळून आपण ‘भाषा’ म्हणू.

तिसरी गोष्ट परवानगीची. पट्टा जुळला, भाषा जुळली, तरी दारावरच्या माणसानं आत सोडायला हवं. नेटवर्कला तुमची ओळख पटली पाहिजे. आणि कधी कधी फोनलाही नेटवर्कची ओळख पटावी लागते, हे पुढे येईलच.

पुढचा सगळा इतिहास या तीन जुळण्यांचा आहे.

जितके देश तितके फोन

मोबाइल फोनमागची मूळ कल्पना १९४७ सालची आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डी. एच. रिंग यांनी एका टिपणात ती मांडली. एका उंच मनोऱ्यावरून अख्ख्या शहराला लहरी पुरवण्याऐवजी शहराचे मधाच्या पोळ्यासारखे लहान लहान कप्पे करायचे. प्रत्येक कप्प्याला कमी शक्तीचा मनोरा द्यायचा. मग एका कप्प्यात वापरलेली वारंवारता थोड्या दूरच्या कप्प्यात पुन्हा वापरता येते. या कप्प्यांना ‘सेल’ म्हणतात, आणि म्हणूनच ‘सेलफोन’.

कल्पना प्रत्यक्षात यायला तीस वर्षं गेली. १९७३ च्या ३ एप्रिलला मोटोरोला कंपनीच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातात धरायचा फोन लावून दाखवला. फोन केला होता बेल प्रयोगशाळेतल्या त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला! लोकांसाठी व्यापारी सेवा १९७९ मध्ये टोकियोत सुरू झाली. १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये शिकागोत अमेरिकेची सेवा सुरू झाली. १९८५ पासून ब्रिटन, पश्चिम जर्मनी, इटली आणि फ्रान्स यांच्याही नव्या सेवा सुरू होत गेल्या.

या सगळ्यांत आवाजाच्या चढउतारांप्रमाणे रेडिओलहरच थेट बदलली जाई. पण प्रत्येकानं आपापली रीत ठरवली होती. ब्रिटनची पद्धत वेगळी, जर्मनीची वेगळी, फ्रान्सची आणखी वेगळी. युरोपातले देश आपल्या जिल्ह्यांसारखे एकमेकांना लागून. सकाळी निघालेला ट्रक संध्याकाळपर्यंत दोन सरहद्दी ओलांडतो. पण त्यातला फोन पहिल्याच सरहद्दीवर मुका व्हायचा. फोन बनवणाऱ्यांचंही नुकसान होतं. एका देशापुरता खप म्हणजे थोडे नग, आणि थोडे नग म्हणजे महाग फोन.

याला एक अपवाद होता. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड या चार देशांच्या दूरसंचार खात्यांनी १९७० च्या दशकातच एकत्र बसून एक पद्धत आखली. १९८१ मध्ये ती सुरू झाली. स्वीडनमध्ये घेतलेला फोन नॉर्वेत चालत असे. लोकसंख्येनं लहान असलेल्या या देशांनी एक गोष्ट दाखवून दिली. यंत्रं जुळवायची असतील तर आधी माणसं जुळावी लागतात.

तेरा सह्या

१९८२ मध्ये युरोपीय देशांच्या टपाल आणि दूरसंचार खात्यांच्या परिषदेनं एक अभ्यासगट नेमला. त्याचं फ्रेंच नाव ‘ग्रूप स्पेस्याल मोबिल’. त्याची आद्याक्षरं जीएसएम. पुढे याच अक्षरांचा इंग्रजी अर्थ लावला गेला आणि गटाचं नाव पद्धतीचं नाव झालं. अध्यक्ष होते स्वीडनचे टॉमस हाउग.

या गटापुढचं काम सोपं नव्हतं. १९८६ मध्ये पॅरिसला आठ वेगवेगळ्या प्रस्तावांच्या चाचण्या झाल्या. प्रत्येकामागे कुठल्या ना कुठल्या देशाची प्रयोगशाळा आणि कारखाने उभे होते. फेब्रुवारी १९८७ मध्ये पोर्तुगालच्या मदेइरा बेटावर बैठक भरली. पंधरापैकी तेरा देशांचा कौल अरुंद पट्ट्याच्या पद्धतीकडे होता. फ्रान्स आणि जर्मनी यांना मात्र त्यांच्या उद्योगांनी विकसित केलेली रुंद पट्ट्याची पद्धत हवी होती. हे दोघे बाहेर पडले असते तर सगळाच बेत फसला असता, कारण युरोपातल्या सर्वांत मोठ्या बाजारपेठांत त्यांची गणना होती. अखेर मे १९८७ मध्ये बॉनला फ्रान्स, जर्मनी, इटली आणि ब्रिटन यांचे मंत्री भेटले आणि अरुंद पट्ट्यावर एकमत झालं. जूनमध्ये युरोपीय समुदायानं ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा सगळ्या सदस्य देशांत याच कामासाठी राखून ठेवायचा आदेश काढला. ७ सप्टेंबर १९८७ ला कोपनहेगनमध्ये तेरा देशांच्या प्रतिनिधींनी करारावर सह्या केल्या. ठरलेल्या मुदतीत सगळ्यांनी हीच पद्धत सुरू करायची होती.

इथे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. तेव्हा ना तो फोन तयार होता, ना ते नेटवर्क. तयार होता तो फक्त शब्द.

आता ही पद्धत कशी आहे ते पाहू. फोनकडून टॉवरकडे जायला २५ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा आणि टॉवरकडून फोनकडे यायला तेवढाच दुसरा. प्रत्येक पट्ट्याच्या २०० किलोहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्या पाडल्या की कडेची जागा सोडून १२४ पट्ट्या होतात. प्रत्येक पट्टीवर आठ जण पाळीपाळीनं बोलतात. ४.६१५ मिलिसेकंदांत आठांची एक फेरी पूर्ण होते, म्हणजे सेकंदाला सुमारे २१७ फेऱ्या. आपला आवाज आकड्यांत बदलून, दाबून लहान केलेला असतो. त्यामुळे आपल्या वाट्याच्या आठव्या हिश्श्याच्या वेळातही तो पूर्ण जातो आणि ऐकणाऱ्याला खंड जाणवत नाही.

या सेकंदाला २१७ वेळा होणाऱ्या चालू-बंदचा पुरावा अनेकांनी कानांनी ऐकला आहे. मोबाइल रेडिओजवळ किंवा स्पीकरजवळ ठेवला की घंटी वाजायच्या आधीच ‘टर्रटक, टर्रटक’ असा आवाज यायचा, आठवतं? ती जीएसएमची पाळी होती.

१ जुलै १९९१ ला फिनलंडचे माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनी रेडिओलिन्या कंपनीच्या नेटवर्कवरून ताम्पेरे शहराच्या उपमहापौर कारिना सुओनियो यांना फोन केला. जीएसएमची व्यापारी सेवा तिथून सुरू झाली. पण इतर देशांतल्या कंपन्या मात्र खोळंबल्या. नेटवर्क उभी, पण हातात धरायचे फोनच नाहीत! कारण कुठल्याही कारखान्याचा फोन कुठल्याही नेटवर्कवर चालेल याची खात्री करणारी चाचणी-यंत्रं वेळेत तयार झाली नव्हती. जुळणी फक्त कागदावर लिहून होत नाही, ती तपासावीही लागते, हा धडा तेव्हा मिळाला. १९९२ मध्ये फिनलंड आणि ब्रिटनमधल्या दोन कंपन्यांनी एकमेकांच्या ग्राहकांना सेवा देण्याचा पहिला करार केला. ‘रोमिंग’ हा शब्द आपल्याकडे त्यानंतर आला.

माणूस वेगळा, यंत्र वेगळं

जीएसएमच्या आखणीतला सर्वांत दूरदृष्टीचा भाग कुठला? तो बोटाच्या नखाएवढा आहे: सिम कार्ड.

कार्डामागचा विचार असा. ग्राहक ही एक गोष्ट आणि हँडसेट ही दुसरी गोष्ट. ग्राहकाची ओळख कार्डावर ठेवायची आणि कार्ड काढता-घालता येईल असं करायचं. पहिली कार्डं १९९१ मध्ये म्युनिकच्या गीसेके आणि डेव्हरिएंट या कंपनीनं रेडिओलिन्याला दिली. तेव्हा सिमचा आकार बँकेच्या कार्डाएवढा होता. पुढे प्लॅस्टिक कापत कापत ते १२.३ बाय ८.८ मिलिमीटरपर्यंत आलं, तरी मधली सोनेरी चकती तेच काम करत राहिली.

या कार्डात एक गुप्त किल्ली असते, १२८ द्विमान अंकांची. तीच किल्ली कंपनीकडेही असते. फोन चालू केला की नेटवर्क एक यादृच्छिक संख्या पाठवतं. कार्ड आपल्या किल्लीनं त्या संख्येवर ठरलेली क्रिया करतं आणि उत्तर परत पाठवतं. नेटवर्कनंही तेच गणित केलेलं असतं. उत्तरं जुळली की दार उघडतं. यात किल्ली स्वतः हवेतून कधीच जात नाही. शिक्षक मुलाला पाढा म्हणायला न लावता ‘सतरा सक किती?’ एवढंच विचारतात, आणि उत्तरावरून त्याला पाढा येतो का ते ओळखतात. तसंच हे.

याचा परिणाम फार मोठा होता. ग्राहक फोन एका दुकानातून आणि सेवा दुसऱ्या कंपनीकडून घेऊ शकत होता. कंपनी आवडली नाही तर कार्ड बदला. फोन खराब झाला तर कार्ड दुसऱ्या फोनमध्ये घाला. २००४ मध्ये जीएसएमचे ग्राहक शंभर कोटींवर गेले, त्यात या छोट्या कार्डाचा वाटा मोठा होता.

अमेरिकेची दुसरी वाट

अमेरिकेत सगळ्यांनी एकच पद्धत वापरावी असं सरकारनं ठरवलं नाही. ज्याला जी चांगली वाटेल ती त्यानं घ्यावी, चांगली असेल ती टिकेल, असा विचार होता. सान दिएगो शहरात १९८५ मध्ये अर्विन जेकब्स, अँड्र्यू विटर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वालकॉम कंपनी काढली. त्यांची पद्धत सीडीएमए. १९९३ मध्ये तिला प्रमाणित पद्धत म्हणून मान्यता मिळाली, १९९५ मध्ये हाँगकाँगमध्ये आणि १९९६ मध्ये दक्षिण कोरियात ती सुरू झाली.

दोन्ही पद्धतींतला फरक मधल्या सुट्टीतल्या शिक्षकखोलीवरून समजेल. तिथे आठ जोड्या बोलत आहेत. जीएसएमची रीत अशी की प्रत्येक जोडीनं आपली पाळी आली की बोलायचं. सीडीएमएची रीत अशी की सगळ्यांनी एकदमच बोलायचं, पण एका जोडीनं मराठीत, दुसरीनं कन्नडमध्ये, तिसरीनं बंगालीत. ज्याचा कान मराठीला लागलेला आहे, त्याला मराठी कळतं आणि बाकीचं सगळं नुसता गोंगाट वाटतो. सीडीएमएत प्रत्येक संभाषणाला वेगळा सांकेतिक आकृतिबंध दिलेला असतो, आणि सुमारे सव्वा मेगाहर्ट्झ रुंदीच्या एकाच पट्टीवर सगळे एकदम बोलतात.

तांत्रिकदृष्ट्या ही पद्धत सरस होती असं मानणारे पुष्कळ होते, आणि ते चूक नव्हते. पुढे जीएसएमच्या वारसदारानं तिसऱ्या पिढीत याच तत्त्वाचा आधार घेतला. पण सुरुवातीच्या सीडीएमए फोनमध्ये काढता येणारं कार्ड सक्तीचं नव्हतं. ग्राहकाची ओळख बहुधा हँडसेटमध्येच नोंदलेली असे. तंत्र नवं होतं, पण माणूस आणि यंत्र पुन्हा एकमेकांना बांधले गेले.

आपल्याकडे दोन्ही

भारतात ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला. त्याच वर्षी मुंबईतही सेवा सुरू झाली. आपल्या सरकारनं परवाने देताना जीएसएम हीच पद्धत ठरवून दिली होती. त्यामुळे सुरुवातीपासून कार्ड बदलण्याची मोकळीक होती. मात्र आलेल्या फोनचेही पैसे पडत, म्हणून लोक नंबर बघून फोन कापत. ‘मिस्ड कॉल’ची आपली संस्कृती त्या दरांतून रुजली.

१९९९ च्या दूरसंचार धोरणानं तंत्राची सक्ती सैल केली. तारेचे फोन देणाऱ्या कंपन्यांना शेवटचा टप्पा बिनतारी करायला आणि मर्यादित क्षेत्रात फिरता फोन द्यायला २००१ मध्ये परवानगी मिळाली. यासाठी त्यांनी सीडीएमए निवडलं. २००२ च्या डिसेंबरमध्ये रिलायन्सनं आपली सेवा जाहीर केली, टाटांची सेवाही याच पद्धतीची होती. दर उतरले, हँडसेट हप्त्यानं मिळू लागला, आणि ज्या घरात कधी फोन नव्हता तिथेही फोन वाजू लागला. हे श्रेय सीडीएमएला द्यायलाच हवं.

पण त्या काळात भारतात विकल्या गेलेल्या बहुतेक सीडीएमए हँडसेटमध्ये कार्ड नव्हतं. कंपनी बदलायची तर हँडसेटही बदलायचा. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली. नंबर सीडीएमएकडून जीएसएमकडे जाऊ शकत होता, हँडसेट मात्र मागेच राहायचा. २०१६-१७ च्या सुमारास ही सीडीएमए नेटवर्क बंद झाली. सुरुवातीला सांगितलेल्या खणात कार्डाला जागा नसलेला फोन असेल, तर तो बहुधा याच काळातला. त्याचं जुनेपण नव्हे, त्याची भाषा बोलणारं आता कुणी उरलं नाही, हे त्याचं दुखणं आहे.

मुद्दाम घातलेलं कुलूप

काही फोन पट्टा आणि भाषा जुळूनही चालत नाहीत. त्यांना कुलूप घातलेलं असतं. अनेक देशांत कंपन्या हँडसेट स्वस्तात देत आणि बदल्यात तो आपल्याच नेटवर्कवर चालेल अशी आज्ञा त्यात लिहून ठेवत. दुसऱ्या कंपनीचं कार्ड घातलं की फोन ते नाकारतो. इथे परवानगी नेटवर्क नाकारत नाही, फोन नाकारतो.

२००७ मध्ये पहिला आयफोन अमेरिकेत एटी अँड टी या एकाच कंपनीसाठी आला. दोन महिन्यांच्या आत न्यू जर्सीतल्या १७ वर्षांच्या एका मुलानं तो दुसऱ्या नेटवर्कवर चालवून दाखवला. त्यानंतर प्रश्न कायद्याचा झाला. विकत घेतलेल्या फोनचं कुलूप काढण्याचा हक्क ग्राहकाला आहे का? अमेरिकेत २०१४ मध्ये त्यासाठी खास कायदा झाला. कॅनडानं डिसेंबर २०१७ पासून कुलूपबंद फोन विकायला मनाई केली, ब्रिटननं डिसेंबर २०२१ पासून.

एक भाषा, अनेक बोली

चौथ्या पिढीत एक मोठी गोष्ट घडली. अमेरिकेतल्या व्हेरायझन या मोठ्या सीडीएमए कंपनीनं २००७ मध्ये जाहीर केलं, की पुढची पायरी आम्ही जीएसएमच्या घराण्यातली घेऊ. तिचं नाव एलटीई. २००८ मध्ये क्वालकॉमनं आपल्या स्वतंत्र वाटेवरचं पुढचं काम थांबवलं. २००९ च्या डिसेंबरमध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लोत एलटीई सुरू झालं. वीस वर्षांचं भांडण मिटलं आणि जगाला एक भाषा मिळाली.

मग सगळे फोन सगळीकडे चालू लागले का? नाही. भाषा एक झाली, पण पट्टे वाढले. प्रत्येक देशानं आपल्याकडे मोकळी असलेली वारंवारता दिली आणि एलटीईच्या पट्ट्यांची संख्या चाळिसाच्या पुढे गेली. २०१२ च्या आयफोन ५ चे वेगवेगळ्या प्रदेशांसाठी वेगळे प्रकार काढावे लागले, ते यामुळेच.

दुसरी अडचण आवाजाची. एलटीई मुळात आकड्यांची ने-आण करण्यासाठी आखलेलं होतं. बोलण्यासाठी फोन गुपचूप जुन्या २जी किंवा ३जी नेटवर्कवर उतरत असे. एलटीईवरूनच बोलण्याची वेगळी पद्धत आहे, ती व्होल्टी. ५ सप्टेंबर २०१६ ला भारतात जिओची सेवा सुरू झाली, तेव्हा तिच्याकडे उतरायला जुनं नेटवर्कच नव्हतं. ज्यांचे फोन ४जी होते पण व्होल्टी जाणत नव्हते, त्यांना बोलण्यासाठी वेगळं ॲप घ्यावं लागलं. ‘४जी’ हा शिक्का एकच, पण त्यामागची क्षमता वेगळी!

ही बाब किती गंभीर होऊ शकते ते ऑस्ट्रेलियात दिसलं. तिथे २०२४ च्या ऑक्टोबर अखेरीस उरलेली ३जी नेटवर्क बंद करायला घेतली. त्याआधी लक्षात आलं, की काही फोन रोजचं बोलणं ४जीवर करतात, पण तातडीच्या मदतीचा ००० हा क्रमांक लावला की ३जीवर उतरतात. म्हणजे रोज छान चालणारा फोन नेमका अपघाताच्या किंवा आगीच्या वेळी दगा देणार. असे फोन नेटवर्कवरून बंद करण्याचं बंधन सरकारनं कंपन्यांवर घातलं. लोकांना चालू फोन टाकून द्यावे लागले, पण निदान संकटाच्या क्षणी कळण्याऐवजी ते आधी कळलं.

आणि १ ऑक्टोबर २०२२ ला भारतात ५जी सुरू झालं तेव्हा वेगळाच पेच पडला. अनेकांच्या हातात ५जीचे फोन होते, पट्टे जुळत होते, तरी ५जी लागेना. कारण भारतातल्या नेटवर्कवर ५जी वापरायची परवानगी देणारी सूचना फोनच्या प्रणालीत नव्हती. काही कंपन्यांकडून ती यायला डिसेंबर उजाडला. यंत्राचे हातपाय तयार होते, त्यांना हलण्याची आज्ञा दूरच्या कार्यालयातून यायची होती.

वर्गात करून पाहा

प्रत्येक फोनला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. स्टार, हॅश, ०, ६, हॅश अशी बटणं दाबली की तो दिसतो. पहिले आठ अंक फोनचा प्रकार सांगतात, पुढचे सहा त्या नगाचा क्रमांक, आणि शेवटचा अंक पडताळणीचा.

पडताळणी अशी. समजा क्रमांक आहे ४९०१५४२०३२३७५१८. शेवटचा ८ बाजूला ठेवा. उरलेल्या चौदापैकी दुसरा, चौथा, सहावा असे समस्थानचे अंक दुप्पट करा. दुप्पट दोन अंकी आली तर तिचे अंक मिळवा, म्हणजे ९ चे १८ आणि १८ चे १+८=९. आता सगळ्यांची बेरीज करा: ४+९+०+२+५+८+२+०+३+४+३+५+५+२ = ५२. पुढचा दहाचा पाढ्यातला आकडा ६०. ६० मधून ५२ गेले, उरले ८. हाच शेवटचा अंक! मुलांना एखादा अंक मुद्दाम चुकवायला सांगा आणि चूक पकडली जाते का ते पाहा. सलग दोन अंकांची अदलाबदल केली तर काय होतं? प्रत्येक वेळी पकडली जाते का? कुठली जोडी निसटते, ते मुलांनाच शोधू द्या. स्वतःचा खरा क्रमांक मात्र फळ्यावर लिहू नये. तो फोनची ओळख आहे.

दुसरा उपक्रम. वर्गातल्या चार-पाच फोनची नावं घेऊन त्यांच्या माहितीपत्रकातले पट्टे फळ्यावर मांडा. प्रत्येकाची तरंगलांबी काढा. गावात कुठल्या कंपनीची रेंज आहे आणि ती कोणता पट्टा वापरते हे कळलं, तर गावाला कुठला फोन उपयोगी याचा निर्णय मुलं स्वतः घेऊ शकतील. दुकानदाराच्या ‘सगळ्याला चालतो’ या शब्दावर विसंबायला नको.

पुन्हा त्या खणाकडे

मोबाइलचा इतिहास सहसा नव्या नव्या यंत्रांची यादी म्हणून सांगितला जातो. पण १९८७ मध्ये कोपनहेगनला झालेल्या सह्या काढून टाकल्या, तर ती यादी बरीच तोकडी होईल. हातातला फोन काम करतो तो त्यातल्या चिपइतकाच, एकमेकांना कधी न भेटलेल्या हजारो माणसांनी पाळलेल्या नियमांमुळे. पट्टा कोणता, भाषा कोणती, दार कोण उघडणार, हे निर्णय जिथे सर्वांसमोर आणि सर्वांसाठी झाले, तिथे ग्राहक मोकळा राहिला. जिथे ते एकानं आपल्यापुरते केले, तिथे चांगली यंत्रंही खणात गेली.

पुढच्या वेळी तो खण उघडाल तेव्हा मुलांना जवळ बोलवा आणि एकेक फोन हातात देऊन विचारा: याचं काय जुळत नाही? पट्टा, भाषा, की परवानगी?